काळ्या ओळीतली अकरा कोकरं

अकोला
९ जुलै २०२३

प्रतीक्षा,

तुझं पत्र मिळालं. सात वर्षांनी वडिलांना पत्र लिहिताना तब्येतीची चौकशी एका ओळीत आटोपलीस आणि मेंढीवर पावणेदोन पानं खर्च केलीस, हे बरं केलंस. कशाला किती जागा द्यावी एवढं तरी माझ्याकडून शिकलीस म्हणायचं. आशीर्वाद लिहीत नाही. तुला नको असतील, आणि कागदही वाचतो.

फोन करायचा नाही, जे म्हणायचं ते लेखी म्हणायचं, ही तुझी अट मला मान्य आहे. तोंडी बोललेलं माणसं सोयीनं विसरतात, असं तू लिहिलंस. हे वाक्यही माझंच आहे, पण असो.

फोटो पाहिला. डावीकडे काळा एडका, उजवीकडे काळी मेंढी, मधे दोन महिन्यांचं पांढरंशुभ्र कोकरू आणि कोपऱ्यात तुझा अंगठा. या कोकराचे आईबाप हेच दोघे, असं तुझं म्हणणं. "बाबा, हे शक्य आहे की नाही ते कळवा." कळवतो. शक्य नाही.

तू आठवीत असताना मेंढी पैदास केंद्राच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसवून हे मी तुला शिकवलं होतं. आता तुझ्या घरात आठवी शिकलेलं दुसरं कोणी नसावं, म्हणून पुन्हा लिहितो. प्रत्येक मेंढराजवळ रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईनं दिलेली, एक बापानं. पांढरी चिठ्ठी जबरदस्त. दोनातली एक जरी पांढरी असली तरी मेंढरू पांढरं निघतं आणि काळी चिठ्ठी आत गप्प बसून राहते. म्हणूनच दोन पांढऱ्यांच्या पोटी कधीमधी काळं येतं आणि खेड्यात लोक लिंबू-मिरची बांधायला धावतात. पण जे मेंढरू काळं दिसतं त्याच्याजवळ दोन्ही चिठ्ठ्या काळ्याच असल्या पाहिजेत. एक जरी पांढरी असती तर ते काळं राहिलंच नसतं. मग अशा दोघांचं पोर पांढरी चिठ्ठी आणणार कुठून? तेव्हा तुझा प्रश्न अनुवंशशास्त्राचा नाही, तुमच्या मेंढरांच्या कोठ्याच्या दाराचा आहे. ते रात्री लागतं की नाही ते तुझ्या नवऱ्याला विचार.

काळ्यांत हे पांढरं कोकरू पाहून वरुडच्या कुणा गिऱ्हाइकानं तुझ्या नवऱ्याकडून नेलेला एडका परत आणला आणि चारचौघांत जीवनला "बाप तसा लेक" म्हणाला, म्हणून तुला एवढं लागलं. त्या गिऱ्हाइकाला मी ओळखत नाही, पण माणूस डोकं वापरणारा दिसतो. जीवनच्या बापानं, म्हणजे सूर्यानं, १९९९ साली काय केलं ते तुला माहीत आहे. केंद्राचं काळं कोकरू बाहेर विकलं आणि त्या जागी बाजारातलं पांढरं आणून ठेवलं. मी त्याला कामावरून काढलं. तू नंतर त्याच घरची सून झालीस, आणि जाताना दारात उभी राहून म्हणालीस, "तुम्ही ज्यांना चोर म्हणता, त्यांच्याच घरी जाते." गेलीस. तुझ्या लग्नाला मी आलो नाही याचा मला पश्चात्ताप नाही. जेवण बेताचं होतं असं तुझी आई म्हणाली.

सूर्या आता अठ्ठ्याहत्तरचा झाला, मोतीबिंदूनं दिसत नाही, आणि त्याची एकच इच्छा राहिली आहे, की साहेबांनी गावात येऊन सांगावं, कोकरू सूर्यभाननं चोरलं नव्हतं. इच्छा चांगली आहे. शास्त्र इच्छेवर चालत नाही.

डॉ. देवीदास गावंडे
एम.व्ही.एस्सी., पीएच.डी.
निवृत्त केंद्रप्रमुख


अकोला
२४ जुलै २०२३

प्रतीक्षा,

वडिलांना पत्राखाली डिग्र्या लिहाव्या लागतात यावर तू तीन ओळींची थट्टा केलीस. तुझ्या घरी डिग्री असलेलं एकच माणूस आहे आणि ते शेण काढतं, म्हणून आठवण करून दिली.

प्रयोग करा म्हणतेस. करू. पण प्रयोग म्हणजे काय हे तुझ्या नवऱ्याला ठाऊक असण्याचं कारण नाही, तेव्हा अटी मी घालतो. तोच एडका आणि तीच मेंढी. शिवाय तिच्या दोन बहिणी, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की एकाच मेंढीवर भागवलं. या तिघींना आजपासून एडक्यापासून तोड. १५ ऑगस्टला चौघांना वेगळ्या कोठ्यात घाल. कोठ्याला पत्र्याचं दार, दाराला कुलूप, आणि किल्ली तुझ्याकडे. जीवनकडे नाही आणि त्याच्या बापाकडे तर मुळीच नाही. चारापाणी तू स्वतः करायचं. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांना थोडा कमी, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात व्यायला लागतील. जानेवारी उजाडायच्या आत जे जन्मेल ते मोजायचं नाही, ते आधीचं.

एकच वेत पुरे. तीनही कोकरं काळी झाली तर तुमच्या घरानं हा विषय पुन्हा माझ्याकडे काढायचा नाही. एकही पांढरं झालं तर मी मोझरीला येईन, तुमच्या गावात सगळ्यांसमोर उभा राहीन आणि सूर्या म्हणेल ते बोलेन. हे मी लेखी देतो आहे.

आणखी एक. या मेंढ्या तुझ्या सासरच्या नाहीत. केंद्र बंद पडलं तेव्हा लिलावात जीवननं ज्या सात घेतल्या, त्या माझ्या काळ्या ओळीतल्या, म्हणजे फक्त काळं निपजणाऱ्या वंशातल्या होत्या. बत्तीस वर्षं निवडून निवडून मी ती ओळ तयार केली. माझ्या निवृत्तीच्या भाषणात एक मंत्री "शंभर टक्के काळी ओळ" असं म्हणाला होता. त्याला मेंढीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे माहीत नव्हतं, पण ते वाक्य बरोबर होतं.

डॉ. दे. गावंडे

(खाली, वेगळ्या अक्षरात) पोरी, तुहा बाप पत्र पेटीत टाकाले माह्याचकडे देते अन् म्हनते वाचू नको. वाचतो म्या. तुह्या बापानं दुपारी ताटातली भाकर तशीच ठेवली. ते काही तरी लपवून राह्यले. — आई


अकोला
१० सप्टेंबर २०२३

प्रतीक्षा,

कुलपाचा फोटो मिळाला. कुलूप मजबूत आहे. कुलपाच्या बाजूला जीवन छाती काढून उभा आहे, त्याची गरज नव्हती.

एसटीच्या कंडक्टरच्या हाती वांगी, बरबटीच्या शेंगा आणि सांबाराच्या, शहरी भाषेत कोथिंबिरीच्या, चार जुड्या पाठवल्यास. मी काही मागवलं नव्हतं. तुझ्या आईनं सांबारवड्या केल्या आणि मला दोन खाव्या लागल्या. मेंढरं वावरात बसवली की लेंडीखतावर भाजी अशी होते हे मला कोणी शिकवायची गरज नाही, तरी तू अर्ध्या पानात शिकवलंस. तुझी आई तुझ्याशी रोज फोनवर बोलते हे मला माहीत नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलेलं आहे. तेव्हा तिच्यामार्फत माझ्या ब्लडप्रेशरची चौकशी करत जाऊ नकोस.

तू विचारलंस, केंद्राच्या नोंदवहीत काळ्या जोडीला पांढरं कोकरू झाल्याची नोंद याआधी कधी आहे का. नाही. बत्तीस वर्षांत एकही नाही. मला मान्य असलेल्या पुराव्यात यापेक्षा मोठा पुरावा नाही. नोंदवही पाठवा म्हणतेस, ती आता मिळणार नाही. केंद्र बंद झालं तेव्हा कागदपत्रं वाळवीनं खाल्ली. आणि नोंदी किती कडक होत्या ते तुला आठवत असेल. कोकरू जन्मलं की अंग पुसायच्या आधी त्याच्या गळ्यात आईच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला पडायचा, मग माझी सही, मग वहीत नाव. ज्या जन्माबद्दल शंका आली तो आम्ही वहीत ठेवतच नव्हतो. तेवढी शिस्त आता सरकारात कुठेही नाही.

सूर्याला दिसत नाही तरी तो रोज त्या बंद कोठ्याबाहेर बाज टाकून बसतो, आतल्या मेंढ्या रवंथ करतात ते ऐकतो आणि "तीनही गाभण हायेत" म्हणतो, असं तू लिहिलंस. कानानं गर्भ ओळखणारा हा पहिलाच शास्त्रज्ञ. त्याचा सत्कार करा.

दे. गावंडे


अकोला
६ नोव्हेंबर २०२३

प्रतीक्षा,

तुझी आई महाराजांच्या पुण्यतिथीला तुमच्या मोझरीच्या गुरुकुंजात जाते म्हणून निघाली आणि चार दिवसांनी आली. महाराजांचं दर्शन पहिल्याच दिवशी झालं असणार. उरलेले तीन दिवस कुठे गेले हे मी विचारलं नाही. तिच्या पातळाला मेंढरांचा वास येत होता.

येताना तिनं एक पिशवी आणली. गव्हाच्या जुन्या पोत्याचं कापड, तोंडाला सुतळी. माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "सूर्यभानजीनं देली. म्हने, साहेबाले दाखवू नका, त्याहिले राग येईन."

"मग कशाला दाखवतेस?"

"मले तुमचा राग पाहाचा हाय म्हनून."

पिशवीत पांढऱ्या लोकरीचे पुंजके होते, प्रत्येक पुंजका एकेका पत्र्याच्या बिल्ल्याला सुतानं बांधलेला. तुझ्या सासऱ्याचं म्हणणं असं, की केंद्रातल्या काळ्या मेंढ्यांना जी पांढरी कोकरं झाली त्यांची ही लोकर. मला हसू आलं. बाजारात अशी लोकर किलोनं मिळते. पत्र्यावर खिळ्यानं नंबर ठोकायला कुणालाही येतं. याला पुरावा म्हणत नाहीत, पोरखेळ म्हणतात. तसं मी तुझ्या आईला सांगितलं.

ती म्हणाली, "बिल्ले किती हायेत?"

मी म्हटलं, मोजले नाहीत.

"मंग बोटं काहून हलून राह्यली होती तुमची?"

मी तिला विचारलं की मोझरीला सांबार काय भावानं आहे. ती चहा ठेवायला गेली.

दिवाळीला या असं तू लिहिलंस. येणार नाही. जानेवारीत निकाल लागू दे, मग बघू कोण कुणाकडे येतं.

दे. गावंडे


अकोला
१३ जानेवारी २०२४

प्रतीक्षा,

तुझ्या आईच्या फोनवर तीन कोकरांचे फोटो आले. एक ९ तारखेचं, दोन ११ तारखेची. तीनही काळी. नाकाच्या शेंड्यापासून खुरापर्यंत काळी.

अपेक्षेप्रमाणे. आता विषय संपला.

डॉ. देवीदास गावंडे
एम.व्ही.एस्सी., पीएच.डी.


अकोला
२० जानेवारी २०२४

चि. प्रतीक्षा,

काल तुझं पत्र आलं. मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणाचे कागद वाचले आहेत. प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिका वाचल्या, वरिष्ठांचे शेरे वाचले, मंत्र्यांची भाषणं लिहून दिली. पण तुझ्या पत्राइतका मला राग कशाचाच आला नव्हता.

"बाबा, तुम्ही जिंकलात. आम्ही शब्द पाळतो." आणि पुढे तुझ्या सासऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंस. "पोरी, साहेबाचं शास्त्र खोटं नसते. मीच बिल्ला बांधताना चुकलो असन. एवढ्या वर्साची गोष्ट, मलेच बराबर याद नसन." आणि त्याखाली, की जीवन सगळ्या काळ्या मेंढ्या येत्या बाजारात विकणार, कारण ज्या मेंढरांनी घराला दोनदा चोर ठरवलं ती दारात नकोत.

तू माझी मुलगी आहेस ना? मग एवढी सहज हरलीस कशी?

आता नीट वाच. मी जो प्रयोग लावून दिला तो प्रयोगच नव्हता. समज, सूर्यभान अगदी खरं बोलत होता. समज, त्या एडक्याच्या आणि त्या मेंढीच्या पोटात खरोखर पांढरा रंग दडलेला आहे. तरीसुद्धा त्यांच्या चार कोकरांत सरासरी एकच पांढरं निघणार. म्हणजे एका वेताला काळं होण्याचा संभव चारात तीन. तिच्या बहिणींत तो रंग आहे की नाही हे तर कुणालाच माहीत नाही. तीन काळ्या कोकरांवरून काहीही सिद्ध होत नाही. वीस वेतं पाहिजे होती. हे असं उत्तर कुणी लिहिलं असतं तर मी त्याला नापास करून वर्गाबाहेर उभं केलं असतं. "एकच वेत पुरे" असं मी लिहिलं तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. पैज मी माझ्या बाजूनं वाकवून लावली होती. तू ओळखशील अशी धास्ती मला पाच महिने होती, आणि तू ओळखलं नाहीस याचा मला राग आला आहे. दुसऱ्या कुणाचा येईल तेवढा स्वतःचाही आला आहे, पण तो मला नवा आहे, त्याचं काय करायचं ते कळत नाही.

दडलेला रंग कसा, ते सांगतो. मी तुला ओट्यावर शिकवलं ते अर्धंच होतं. चिठ्ठ्यांची ती एक जागा आहे, आणि रंगाची दुसरीही एक जागा असते. तिथला काळा जबरदस्त. त्याची एक चिठ्ठी जरी असली तरी मेंढरू काळं होतं आणि पहिल्या जागेवरचा पांढरा झाकून टाकतं. अशी दोन काळी मेंढरं एकत्र आली की चारातल्या एका कोकराला ती झाकण घालणारी चिठ्ठी मिळत नाही, आणि ते पांढरं निघतं. बाहेरचा एडका लागत नाही, उघडं दार लागत नाही, चोर लागत नाही. परदेशातल्या मेंढ्यांत हे सापडल्याचं मी बाहेरच्या एका नियतकालिकात वाचलं, २००१ साली. केंद्राच्या ऑफिसात, स्वतःच्या टेबलावर बसून. अंक मिटवला आणि कपाटात ठेवला. त्या वेळी सूर्यभानला काढून दोन वर्षं झाली होती, आणि तू दहावीला होतीस.

नोंदवही वाळवीनं खाल्ली नाही. ती माझ्या कपाटात, तुझ्या लहानपणच्या स्वेटरांच्या खाली आहे. त्यात काळ्या जोडीला पांढरं कोकरू एकदाही नाही हे खरं, कारण असं कोकरू झालं की मी लाल शाईनं ओळ खोडायचो आणि समोर "शंकास्पद" लिहून सही करायचो. माझा नियमच होता, की काळ्यांना पांढरं होत नाही, म्हणून जे पांढरं झालं ते त्यांचं नाही. मग वर्षाच्या शेवटी मी वही उघडून पाहायचो आणि म्हणायचो, बघा, एकदाही झालं नाही. बत्तीस वर्षं मी हे शास्त्र म्हणून केलं. मोतीबिंदू झालेल्या माणसाच्या कानांवर मी हसलो, आणि त्यानं तिन्ही गाभण सांगितल्या त्या तिन्ही गाभण होत्या.

काल तुझं पत्र वाचल्यावर मी वही काढली आणि ती पिशवी काढली. बिल्ल्यांचे नंबर आणि लाल ओळींचे नंबर एकापुढे एक ठेवले. पिशवीत अकरा. वहीत अकरा. तुझी आई बाजूला बसून नंबर वाचत होती, मी शोधत होतो. शेवटचा त्रेसष्ट.

त्रेसष्ट नंबरचं सांगतो, मग थांबतो. फेब्रुवारी १९९९. पुण्याहून मोठे अधिकारी माझी काळी ओळ पाहायला आले होते, तिच्यावर माझी पुढची सगळी नोकरी ठरणार होती. त्यांना घेऊन मी कोठ्यात शिरलो आणि समोर सूर्यभान हातात पांढरं कोकरू धरून उभा. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे काय?" बाहेरचा एडका शिरला म्हणावं तर कुंपण माझं होतं. ओळ शुद्ध नाही म्हणावं तर ओळ माझी होती. मी म्हटलं, "आमच्या माणसानं अदलाबदल केलेली दिसते." सूर्यभान म्हणाला, "आताच व्याली जी साहेब. पाहा ना, नाळ ओली हाय."

मी पाहिली. नाळ ओली होती, कोकराच्या पोटाखाली लोंबत होती, तिच्यावर वाळलेलं गवत चिकटलं होतं. बाजारातून आणलेल्या कोकराची नाळ ओली नसते हे कळायला पीएच.डी. लागत नाही. मी त्या पाहुण्यांना म्हटलं, "चला, लोकर कातरायचं शेड दाखवतो."

तेव्हा सूर्यभानचं काहीही चुकलं नव्हतं, आणि हे मला दोन वर्षांनी कुठलं मासिक वाचून कळलं असं नाही. त्याच मिनिटाला कळलं होतं.

जीवनला सांग, मेंढ्या विकू नये. त्या एडक्याला आणि त्या मेंढीला पुन्हा एकत्र ठेव, वेतं होत राहू दे. पांढरं होईल. गिऱ्हाइकाला आधीच सांगून द्यायचं, की या ओळीत चारात एखादं पांढरं निघू शकतं आणि ते याच घरचं असतं. हे मी लिहून देतो, सहीनिशी, वरुडच्या त्या माणसाला दाखवा.

सोबत दुसरी चिठ्ठी आहे ती तुझ्या सासऱ्यांना वाचून दाखव. नोंदवही पार्सलनं पाठवतो. ती आता तुमच्या घरात राहील.

आशीर्वाद लिहायचा की नाही ते कळत नाही. लिहितो. नको असेल तर खोडून टाक, घरात लाल शाई असेलच.

बाबा


(सोबतची चिठ्ठी)

सूर्यभानजींना नमस्कार.

अकराही कोकरं आपल्या कोठ्यात जन्मलेली होती. त्रेसष्ट नंबरचं कोकरू तुम्ही चोरलं नव्हतं. नाळ ओली होती, मी पाहिली होती. तुमच्या गावात येऊन मी हे बोलेन. तुम्ही सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या जागी.

देवीदास गावंडे


(मोझरीहून आलेलं उत्तर)

२९ जानेवारी २०२४

बाबा,

माझे सासरे, मामाजी, बोलले तसं लिहिते आहे. माझं वेगळं काही नाही. वही मिळाली.

साहेबाले रामराम.

चिठ्ठी सुनेनं एकदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा जीवननं वाचली.

ते लोकर म्या तुमाले खोटं पाडासाठी नव्हती ठेवली साहेब. पांढरं पिलू झालं का तुमी लाल शाईनं खोडा, अन् तेच्यानंतर त्याले माईपासून उचलून बाहेर नेऊन द्याचं काम माह्याकडे राहे. माय दोन-दोन दिवस ओरडे, चारा नाई खाये. म्हनून म्या पिलाची जराशी लोकर तोडून तिच्यापुढं टांगून ठेवो. वासानं ते चुप बसे. मंग ते लोकर फेकाची इच्छा नाई होये. बिल्ला तं तसाही उरतच होता. इतकीच गोष्ट हाय.

तुमी मले कामावरून काढलं त्याचा मले राग नाई आला. गावात लोकं म्हनत, तुहा साहेब खोटारडा हाय. म्या म्हनो, नाई, साहेब मोठा शिकलेला मानूस हाय, साहेब खोटं बोलत नाई. तेव्हा पाहुने आले होते, घाई होती, कोठ्यात अंधार होता, साहेबाले नाळ दिसली नाई. साहेबाची चूक झाली. चुकीले कोनी चोरी म्हनत नाई. पंचवीस वर्स म्या हेच सांगतलं. चावडीवर सांगतलं, सोयऱ्याहिले सांगतलं, पोराचं लग्न जमवताना तुमच्या पोरीले बी सांगतलं, का तुह्या बापावर राग धरू नको.

आता तुमी लिहता का दिसली होती.

आता म्या गावाले काय सांगू, ते मले समजून नाई राह्यलं. म्हनून तुमी या. मंगळवारी या, मंगळवारी सारे घरी राहतात. बस मोझरीच्या फाट्यावर थांबते, जीवन घ्याले येईन. मले डोळ्यानं दिसत नाई, म्हनून तुमी आले का जवळ येऊन बोला.

सूर्यभान
(अंगठा)